वाणातली बॅटरी

“बेबी, ही पँट बघ,” असं म्हणत दाजी दुकानाची पायरी चढले आणि भर बाजारपेठेत त्यांनी एक पाय स्टुलावर ठेवला. गुडघ्याखाली कापडाची चाळण झाली होती.

“उंदरांनी खाल्ली?”

“तुझ्या बॅटरीनं खाल्ली.”

“माझी बॅटरी कापड खात नाही. सरळ उभी ठेवली तर काहीच खात नाही. तुम्ही तिला आभाळात नेऊन झोके देता, मग ती ओकणारच.”

दाजी हसले. ते हसले की समोरच्याचा राग टिकत नसे. जयसिंगराव त्यांचं नाव, माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रमिलाअक्काचे यजमान. साखर कारखान्यात इंजिनिअर होते आणि तरुणपणी पुण्यात ग्लायडर उडवायला शिकले होते. आमच्या कारखान्याच्या चेअरमनना एकदा हौस आली आणि उसाची पाहणी वरून करायची म्हणून त्यांनी दोन माणसांचं एक छोटं विमान घेतलं. अॅल्युमिनियमच्या नळ्या, कापडाचे पंख, पुढं शेजारी शेजारी दोन खुर्च्या आणि डोक्यामागं इंजिन. चेअरमनची हौस एका फेरीत फिटली. तेव्हापासून ते विमान दाजींच्या गळ्यात पडलं होतं आणि दाजीही त्याच्या गळ्यात पडले होते. सुट्टीच्या दिवशी ते कारखान्याच्या धावपट्टीवरून उडायचे आणि गावातल्या बायका पापड वाळत घालता घालता वर बघून म्हणायच्या, “आप्पांच्या जावयाचं इमान गेलं बगा.”

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचं बॅटरीचं दुकान तालुक्यात सगळ्यात जुनं. त्यांना मुलगा नव्हता आणि मला स्वयंपाकघराचा कंटाळा होता, त्यामुळे बी. एस्सी. झाल्यावर मी काउंटरच्या आत जाऊन बसले ती बसलेच. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, लग्नाच्या बँडची गाडी, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्या हाताखालून जात. गिऱ्हाईक आधी “आप्पा न्हाईत का?” विचारायचं आणि मग मुकाट्यानं मलाच टोपणं उघडून दाखवायचं.

“पँटचं सोड,” दाजी स्टूल ओढून बसले. “अॅसिड मागच्या नळीवर उतरलंय. पांढरी पावडर धरली होती, ती घासून काढली. पुन्हा सांडलं तर नळीच खाईल. मला सीलबंद बॅटरी पाहिजे. उलटी केली तरी थेंब पडता कामा नये. सेल्फ मारला की इंजिन पहिल्या दमात उठलं पाहिजे. आणि वजनाला कमी.”

“तिन्ही गुण एकात? असा तर मला नवरासुद्धा मिळेना.”

“नवरा जड चालतो. बॅटरी चालत नाही.”

त्या काळात आमच्याकडं सीलबंद म्हणजे कॉम्प्युटरच्या बॅकअपची बॅटरी. मी एक काढून काउंटरवर ठेवली, लोड टेस्टरचे चिमटे लावले आणि बटण दाबलं. काटा धाडकन खाली बसला.

“ही दिव्याला चांगली,” मी म्हटलं. “थोडं थोडं, तासन्तास देते. सेल्फला एकदम घोट लागतो. एवढा एका वेळी द्यायला गेली की हिचा जीव जातो.”

“मग मोठी घे असं म्हणशील.”

“मोठी कशाला? पातळ पातळ जास्त प्लेटा असलेली घ्यायची. पुण्याच्या होलसेलवाल्याकडं मोठ्या फटफटींसाठी एक सीलबंद येते. आत पाणी हलत नाही, काचेच्या कापसात मुरवलेलं असतं. पण वजनाचं एवढं काय घेऊन बसलाय? चार-दोन किलोनं काय होतंय?”

दाजींनी काउंटरवरचा पान्हा उचलला आणि मधोमध बोटावर तोलून धरला. मग दुसऱ्या हातानं एका टोकाला एक नट ठेवला. पान्हा तिकडं कलंडून खाली पडला.

“बॅटरीची जागा पार मागं आहे, इंजिनाच्याही मागं, शेपटीच्या नळीवर,” ते म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. “पुढं वजन थोडं कमी पडलं तर पुढचं माणूस जरा वाकून बसतं, निभतं. मागं फारच जास्त झालं तर नाक वर उठतं. दांडा पुढं ढकलला तरी खाली येत नाही. नाक वर राहिलं की वेग मरतो, आणि वेग मेला की पंखाखालची हवा सुटते. मग वर कुणीही असो, खालीच येतो.”

मी पान्हा उचलून जागेवर ठेवला. आम्हा बॅटरीवाल्यांच्या घरात वजन म्हणजे मालाची किंमत. जड बॅटरी म्हणजे आत भरपूर शिसं, म्हणजे माल अस्सल. गिऱ्हाईकही हातानं उचलून बघतं आणि समाधानानं मान हलवतं. वजनानं कुणाचा जीव जातो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुण्याहून ती बॅटरी आली. बाळंतविड्याच्या डब्याएवढी, काळी, गुळगुळीत. मी टेस्टर लावून बटण दाबलं, तरी काटा खाली बसला नाही. मग दाजींना खाली बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर ती उलटी धरली.

“पडला थेंब?”

“नाही.”

“केस जळले?”

“होते कुठं?” दाजी उठले आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून म्हणाले, “उद्याच बसवतो.”

“थांबा जयसिंगराव.”

आप्पा दारात उभे होते. ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. आप्पा देहानं आडवे, आवाजानं उभे. जावयाला मात्र ते एकेक शब्द तोलून बोलत.

“आमच्याच दुकानात जावयानं बॅटरी घ्यायची आन् आमी बगत बसायचं? धोंड्याचा म्हैना तोंडावर आलाय. वाणात देतो. ताटात ठिवून, मानानं.”

“मामा, त्याची काय गरज आहे?”

“गरज जावयाची नसतीया. सासऱ्याची असतीया.” आप्पांनी डबा दाजींच्या हातातून घेतला, खालीवर केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “ही? ही तर फटफटीची हाय.”

“पण हीच बरोबर आहे, आप्पा,” मी म्हटलं.

“व्हय व्हय,” ते म्हणाले आणि डबा कपाटात ठेवून दिला.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणजे ऐन मे महिन्याचा वणवा. जुनी बॅटरी मेलेली आणि नवी वाणासाठी कपाटात, त्यामुळे विमान शेडमध्ये पडून राहिलं. दाजी एकदोनदा दुकानात येऊन कपाटाकडं बघून गेले. आईला हा सगळा प्रकारच पसंत नव्हता.

“अधिकात दान करावं. नव्या वस्तूला सुरवात करू न्हाई,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “लगीन न्हाई, मुंज न्हाई, घरभरणी न्हाई, आन् ह्यास्नी इमान उडवायचंय.”

“विमान जुनंच आहे आई. बॅटरी नवी.”

“तेच की. जीव त्याच्यातच असतोय ना?” आईनं भाकरी तव्यावर टाकली.

वाणाचा दिवस ठरला. आप्पांनी चुलत्यांना, आत्याच्या घरच्यांना, चेअरमनच्या भावाला, सगळ्यांना आवतण दिलं. दुपारी घरी वाण आणि जेवण, मग उन्हं उतरल्यावर सगळ्यांनी धावपट्टीवर जायचं, जावई आणि लेक विमानात बसून गावावरून एक फेरी मारणार आणि पाहुण्यांनी खालून बघायचं, असा आप्पांचा बेत. अक्काची चार वर्षांची मुलगी ऊर्मी माझ्याकडं राहणार होती. आईला फक्त एवढंच सांगितलं होतं की जयसिंगराव फेरी मारणार आहेत. अक्काचं नाव मुद्दाम काढलं नव्हतं.

आप्पांनी जावयाचे पाय धुतले. अक्का-दाजी पाटावर लक्ष्मीनारायणासारखे बसले. अक्काची ओटी भरली. अनारसे आले, चांदीचं निरंजन आलं. आणि मग दोन चुलतभाऊ एक परात दोन बाजूंनी धरून, वाकून, पाय फाकवून चालत आले. परातीवर भरजरी खण होता. आप्पांनी तो खण स्वतःच्या हातानं काढला.

परातीत जनरेटरची बॅटरी होती. सीलबंदच, पण चांगली उशीएवढी. तिला हळदीकुंकू लावलं होतं, टर्मिनलला झेंडूचं फूल अडकवलं होतं.

“अरारारा, काय माल हाय!” चेअरमनचा भाऊ म्हणाला.

“जावयाला देताना हात आखडायचा नसतोय,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “हिच्यावर साखर कारखाना चालू व्हईल, जयसिंगराव. इमान म्हंजे काय!”

मी दाजींकडं बघितलं. त्यांनी हात जोडले, हसले आणि खाली वाकून सासऱ्याला नमस्कार केला. ते हसले तरी डोळे परातीवरून हलले नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेले. “आई, ती लहान बॅटरी कुठाय? कपाटातली?”

“ती व्हय? काल टेम्पोतनं माघारी पाठवली की. ही तुझं आप्पाच घिऊन आले.”

मागच्या दारी दाजी हात धूत होते. मी तांब्या घेऊन त्यांच्या हातावर पाणी घालायला उभी राहिले.

“किती असेल?” त्यांनी विचारलं.

“लहानीच्या चौपट. थोडी जास्तच.”

ते ओला हात तसाच धरून उभे राहिले. मनातल्या मनात हिशेब करत असावेत.

“नाही म्हणा ना, दाजी.”

“वाणाला नाही म्हणायचं? बेबी, त्यांनी माझे पाय धुतलेत आत्ता. भरल्या घरात.”

“मग मी सांगते.”

“तू काय सांगणार? सासऱ्याला अक्कल नाही म्हणून?” त्यांनी टॉवेल घेतला. “बघ त्यांच्याकडं. लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते. एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या मी ही काढून शेडमध्ये ठेवतो, तू गुपचूप लहान मागव. आणि आज प्रमिला आहे ना शेजारी. दोघं पुढं बसलो की मागचं वजन फिटतं. मी हिशेब केलाय. एकटा असतो तर नसतो गेलो.”

मीही हिशेब केला. अक्का काही काडीपैलवान नव्हती, तिचं वजन पुढं आलं तर खरंच फिटत होतं. मला बरं वाटलं. मी तांब्या पालथा घातला आणि पानं वाढायला आत गेले.

उन्हं उतरली तरी उकाडा हटेना. धावपट्टीवरची खडी भाजत होती. भोवती ऊस तोडून गेलेली रानं, नुसती ढेकळं, आणि लांबवर कारखान्याची थंड पडलेली चिमणी. वारा मध्येच पडायचा, मध्येच कुठूनतरी गरम झोत यायचा. एरवी तिथं टिटव्या ओरडत असत. त्या दिवशी एकही ऐकू येत नव्हती. पाहुणे शेडच्या सावलीत सतरंजीवर बसले होते आणि कुणीतरी कलिंगड कापत होतं.

दाजींनी बॅटरी बसवली. जागा अपुरी पडत होती म्हणून पट्टा लांब करावा लागला. ती नीट आवळून त्यांनी हातानं हलवून बघितली, हलली नाही. वायरी जोडल्या, टर्मिनलला ग्रीस लावलं. मग शेपटीखाली खांदा घालून त्यांनी ती जराशी उचलली आणि अलगद खाली सोडली. मी ऊर्मीला कडेवर घेऊन शेजारी उभी होते. झेंडूचं फूल त्यांनी काढून माझ्या हातात दिलं.

“प्रमिला, चल,” त्यांनी हाक मारली.

अक्कानं पदर कमरेला खोचला, डोक्याला रुमाल बांधला आणि ती येऊन खुर्चीत बसली. दाजी तिचा पट्टा लावत होते तेवढ्यात आई सतरंजीवरून उठली.

“पमे! तू कुठं?”

“एक फेरी, आई.”

“उतर.”

“मामी, पाच मिनिटांत येतो,” दाजी म्हणाले.

“तुमी पुरुषमाणूस, तुमाला मी न्हाई म्हणणारी कोण? पर लेक माझी हाय.” आई विमानाजवळ आली आणि तिनं अक्काचं मनगट धरलं. “अधिक म्हैना. नवी वस्तू. पदरात चार वर्साची पोर. आन् त्यो बग, वाऱ्यानं फेर धरलाय.”

धावपट्टीच्या त्या टोकाला खरंच वावटळ उठली होती. पाचोळा गोल गोल वर चढत होता. आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो. ती पट्टी ओलांडून ढेकळांत शिरली आणि विरून गेली.

“आई, सोड,” मी म्हटलं. “बसू दे तिला.”

“तू मधी बोलू नगं.”

“बसू दे म्हणते ना! तिनं बसायलाच पाहिजे.”

“का? का बसाय पाहिजे?” आईनं माझ्याकडं वळून विचारलं. सगळे पाहुणे बघत होते. आप्पा बघत होते, अजून हसऱ्या चेहऱ्यानं. दाजींनी माझ्याकडं बघून मान अगदी बारीक हलवली, नको.

मी ऊर्मीला दुसऱ्या कडेवर घेतलं. अक्कानं एकदा आईकडं बघितलं, एकदा दाजींकडं. मग तिनं पट्टा सोडला आणि खाली उतरली.

“मग मी बसते, दाजी,” मी म्हटलं आणि ऊर्मीला तिच्या हातात दिलं.

“बेबी!” आता आप्पाही उठले. त्यांचा आवाज खाली आला होता, म्हणजे राग वर गेला होता. “बायकू खाली आन् मेव्हणी वर? चार मानसं बसलीत हितं. लाज हाय का?”

मी एक पाय वर ठेवला होता. आत्या तोंडाला पदर लावून काहीतरी कुजबुजली आणि शेजारची बाई हसली. मला तो पाय खाली घ्यावासा वाटत नव्हता, हे आजही सांगते. आईनं दंड धरून ओढलं तेव्हा घेतला.

मी विमानाला वळसा घालून दाजींच्या बाजूला गेले. “पोतं ठेवूया शेजारी,” मी हळूच म्हटलं. “शेडमध्ये सिमेंटचं आहे. बांधते मी.”

दाजी हसले. तेच हसू, ज्यानं अक्का भुलली होती. “वाणाच्या दिवशी जावई पोत्याशेजारी बसून उडाला, हे तुझी आत्या मरेपर्यंत सांगेल.”

“सांगू दे की!”

“जयसिंगराव,” आप्पांनी मागून हाक दिली, “नसंल मनात तर राहू द्या. पुना बगू.” ते मनापासून म्हणाले होते. पण चेअरमनचा भाऊ लगेच बोलला, “असं कसं आप्पा? आमी ऊन खात हितवर आलो ते कलिंगड खायाला का?” आणि सगळे हसले.

दाजींनी पट्टा आवळला. “नुसती पट्टीवरून जातो,” ते मला म्हणाले. “फार वर नेत नाही. वाकून बसतो. बाजूला हो.”

त्यांनी सेल्फ मारला. इंजिन पहिल्या दमात उठलं. आप्पांनी टाळी वाजवली आणि पाहुण्यांकडं वळून बघितलं.

विमान नेहमीपेक्षा लवकर उठलं. इतकं लवकर की बघणाऱ्यांनी वाहवा केली. नाक वर, वर. मी अक्काच्या शेजारी उभी होते, तिनं माझा हात धरला. मला दाजींची पाठ दिसत होती, ते पुढं वाकले होते, दांड्यावर उपडं पडल्यासारखे. नाक खाली येत नव्हतं. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं जावई कसरत दाखवतोय. इंजिन ओरडत होतं आणि विमान मात्र पुढं जाईनासं झालं. एक क्षण ते तसंच टांगून राहिलं. मग डावा पंख खाली पडला आणि पाठोपाठ सगळंच.

ढेकळांत धुरळा उठला. टाळ्या थांबायलाही जरा वेळ लागला.

आम्ही पोचलो तेव्हा दाजी खुर्चीतच होते, पट्ट्यात. अजून श्वास होता. कारखान्याच्या जीपमधून तालुक्याला नेलं. वाटेतच संपलं.

शेजारची रिकामी खुर्ची इंजिनाखाली सापडून चपटी झाली होती. ती सगळ्यांनी बघितली. आई तिच्यासमोर मातीत बसली आणि कपाळ बडवत ओरडली, “माझी लेक हितं असती!” मग गावानं तेच उचललं. अधिकात नव्या वस्तूला हात लावला, काय व्हायचं ते झालं, पण माउलीनं लेक वाचवली. चौकशीला आलेल्या साहेबांनी वावटळीवर बोट ठेवलं. कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

कारखान्याच्या लोकांनी मोडकं सामान शेडमध्ये आणून टाकलं तेव्हा बॅटरी आमच्याकडं पाठवून दिली. मी ती काउंटरवर ठेवून चारी बाजूंनी बघितली. एक कोपरा खरचटला होता. थेंबही सांडला नव्हता. टेस्टर लावून बटण दाबलं, तरी काटा खाली बसला नाही.

आप्पा काउंटरपलीकडून बघत होते. त्या महिन्यात ते म्हातारे झाले होते. “बेबे,” त्यांनी विचारलं, “बॅटरीनं दगा न्हाई ना दिला?”

“नाही आप्पा,” मी म्हटलं. “बॅटरी चांगली होती.”

त्यांनी डोळे पुसले. पुढची जी काही वर्षं ते जगले, त्यात एवढ्या एका वाक्याचा त्यांना आधार होता. ते परत घेणं माझ्यानं झालं नाही.

अक्कानं नोकरी धरली, ऊर्मीला वाढवलं, शिकवलं. आईला तिनं स्वतःकडंच नेलं. आणि जिथं चार बायका जमतील तिथं अक्का सांगायची, “माझ्या आईनं हात धरला म्हणून मी आहे. नाहीतर दोघंही गेलो असतो.” हळदीकुंकवाच्या घरात, लग्नाच्या मांडवात, ऊर्मीच्या सासरच्या माणसांसमोर. विषय निघायचा अवकाश. आई शेजारी बसलेली असायची आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा निवळायचा. मला मात्र अक्काचा राग यायचा. खरंच सांगते, इतका राग यायचा की मी उठून बाहेर जात असे. वाटायचं, हिचा हात सुटला असता तर, ही बसून राहिली असती तर. आणि ही मिरवतेय. तिला ठाऊक नाही, तिचा काय दोष, असं मग मीच मनाला समजवायची आणि परत येऊन बसायची.

मागच्या अधिकात आई गेली. झोपेत, शांतपणे गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि आम्ही दोघी बहिणी तिच्या पेटीतल्या साड्या काढून घड्या घालत बसलो. अक्कानं आईचं एक जुनं इरकल मांडीवर घेतलं आणि ती बराच वेळ त्याच्यावर हात फिरवत राहिली.

“बेबी,” ती म्हणाली, “तू आईला कधी वजनाचं बोलली नाहीस. फार बरं केलंस.”

माझ्या हातातली घडी सुटली. “तुला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच. जीपमधनं धावपट्टीवर जाताना. बॅटरी मागं जड झालीय, तू शेजारी आहेस म्हणून जातोय, एकटा गेलो नसतो. सगळं सांगितलं.”

“अक्का! तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग उतरलीस का?”

ती माझ्याकडं बघत नव्हती. साडीचे काठ जुळवत होती, ते जुळत नव्हते.

“मला भीती वाटत होती गं, सकाळपासनं. जाऊ नका म्हणायला तोंड नव्हतं, आप्पांचं एवढं कौतुक चाललेलं. आईनं हात धरला तेव्हा मला देवच पावला असं वाटलं.” तिनं काठ जुळवायचं सोडून दिलं. “मी उतरले की ते जाणारच नाहीत, म्हणून उतरले.”

मी तिच्या मांडीवरची साडी घेतली. दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन मी धरली. आम्ही ती ताणून नीट घडी घातली आणि मग पुढची घेतली.